गोलात मावेल एवढा बाप्पा

(गेल्या वर्षीच्या उत्सवात चौथ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीनंतर केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून जवळजवळ बोललो तसाच दिला आहे.)

आदरणीय अध्यक्षमहोदय, मंडळाचे ज्येष्ठ सभासद, काकू, वहिनी, ताई, आपल्या खरगपूरचे बंगाली, तेलुगू आणि उडिया शेजारी, आणि शेवटच्या रांगेत मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्या माझ्या तरुण मित्रांनो,

एरवी भाषण सुरू होताना मोबाइल खिशात ठेवा अशी विनंती करतात. मी उलट म्हणतो, बाहेर काढा. आजचा विषयच तो आहे. फेसबुकच्या पानावर वर जो लांबट फोटो असतो तो कव्हर फोटो, आणि नावाशेजारी जो गोल दिसतो तो प्रोफाइल फोटो, ज्याला मुलं डीपी म्हणतात. हे दोन फोटो कसे करावेत, कल्पकतेने कसे करावेत, आणि आपल्या मंडळाचे कसे असावेत, यावर दोन शब्द बोलायला कमिटीने सांगितलं आहे.

मी चित्रकार नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, आणि नंतर सिग्नल खात्यात रुळांच्या कडेकडेने चालण्यात गेलेली वीसेक वर्षं, एवढीच माझी शिदोरी. पण लांबून, धावत्या गाडीतून, उन्हात, धुक्यात एक लहानशी खूण माणसाला ओळखता आली पाहिजे, याच कामाचा मला पगार मिळतो. मंडळाचं पान यंदापासून माझ्याकडे आलं, तेव्हा लक्षात आलं की हे कामही तेच आहे.

आधी हा विषय का निघाला ते सांगतो, कारण सगळ्यांना ते पूर्ण माहीत नाही. मागच्या उत्सवाच्या पंधरा दिवस आधी फेसबुकवर आपल्या मंडळाच्या नावाचं दुसरं एक पान निघालं. नाव अक्षर न् अक्षर आपलं. गोलात मुंबईच्या लालबागच्या राजाचा फोटो. कव्हरवर झेंडूच्या माळा, आणि त्यातच क्यूआर कोड, 'वर्गणी येथे पाठवा'. इथून बदली होऊन गेलेल्या, निवृत्त होऊन नागपूर-पुण्याला राहिलेल्या आपल्या माणसांनी ते पाहिलं आणि काहींनी पैसे पाठवले. एका निवृत्त काकांनी तर पावतीसाठी अध्यक्षांना फोन केला, तेव्हा आपल्याला कळलं. ते पान कुणी केलं ते आजतागायत समजलेलं नाही.

आता यातली खरी गोष्ट पाहा. त्या काकांना मी विचारलं, "काका, फोटो तर लालबागच्या राजाचा होता, शंका नाही आली?" ते म्हणाले, "अरे बाबा, तुमच्या पानावरही तोच होता की!" आणि तो होताच. कव्हर-प्रोफाइलचं काम तेव्हा एका दुकानाला दिलं होतं, त्यांनी इंटरनेटवरून सर्वांत झगमगीत फोटो उतरवला आणि लावला. आपल्या दारावर दुसऱ्याच्या घराची पाटी होती. मग चोराने तीच पाटी लावली तर पाहुणा ओळखणार कसा?

आपल्या गणपतीचा चेहरा तसा आहे का? मागे वळून पाहा. आपली मूर्ती करणारे दादा कुमोरपाड्यातले. त्यांच्याकडे या दिवसांत वर्कशॉपच्या विश्वकर्म्याचा हत्ती आणि आपला गणपती शेजारी शेजारी वाळत असतात. त्यांच्या हातचे डोळे लांबट, कानाकडे ओढलेले, जसे ते दुर्गेला काढतात. रंग फिकट गुलाबी. आणि डोक्यावर शोल्याचा पांढराशुभ्र मुकुट. दलदलीत वाढणाऱ्या झाडाच्या गाभ्यापासून कोरलेला, बंगाली नवरदेवाच्या टोपोरासारखा. महाराष्ट्रातून पहिल्यांदा येणारा पाहुणा म्हणतो, "गणपती जरा वेगळाच वाटतो हो." वाटतोच! तो खरगपूरचा मराठी गणपती आहे. इथल्या मातीचा, इथल्या हाताचा, आणि आरती आपली. असा चेहरा असताना उसना आणायचा म्हणजे मला तरी पटत नाही. कमिटीत काही मंडळींचं मत आहे की प्रसिद्ध मूर्तीचा फोटो असला की लोक जास्त लाइक करतात. करत असतील. पण ते लाइक त्या मूर्तीला असतात, आपल्याला नसतात. शिवाय तो फोटो कुणीतरी काढलेला असतो, त्याचा हक्क त्याचा. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तो हक्क राहतो.

आता तंत्राकडे वळू. गोलापासून सुरुवात.

तुम्ही चौकोनी फोटो देता, तो तुम्हाला गोल करून दाखवतात. चौकोनात बसणारं मोठ्यात मोठं वर्तुळ चौकोनाच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्के जागा घेतं. म्हणजे पाचवा हिस्सा चारही कोपऱ्यांत कापला जातो. कोपऱ्यात लिहिलेलं मंडळाचं नाव, स्थापनेचं साल, सगळं गेलं. आपल्या रेल्वेच्या भाषेत हे सरळ इन्फ्रिंजमेंट आहे. डब्याला ठरलेल्या मापाबाहेर हात काढता येत नाही, काढला तर खांबाला लागणार. मग आधीच माप ओळखून आत बसावं.

आणि तो गोल प्रत्यक्ष किती मोठा दिसतो? व्हॉट्सअ‍ॅपच्या यादीत शर्टाच्या बटणापेक्षा थोडा मोठा. फेसबुकवर कुणी एखादी प्रतिक्रिया लिहिली तर तिच्याशेजारी त्याहून लहान. त्यात पूर्ण मूर्ती, प्रभावळ, समया, दोन्ही बाजूंची केळी, खाली उंदीर आणि वर झालर, असं सगळं घातलं तर गुलालाचा डाग दिसतो. मागचं दुकानाने केलेलं डिझाइन आठवा. मूर्ती, तिच्याभोवती माजी अध्यक्षांसह चौदा जणांचे चेहरे, आणि खाली अभिनंदन. माझ्या चष्म्यातून तर चौदा तीळ दिसत होते.

गाडीच्या शेवटच्या डब्यामागे मोठी फुली काढलेली असते, ती आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. स्टेशनवरचा माणूस जाणाऱ्या गाडीकडे पाहतो, फुली दिसली की गाडी पूर्ण गेली, मध्ये कुठे तुटून राहिली नाही. डबा कुठल्या कारखान्यात झाला, किती सालचा, ते तिथे वाचायला कुणी जात नाही. दोन रेघांची खूण, पण तिच्यावर मागच्या गाडीची सुरक्षितता अवलंबून. प्रोफाइलचा गोल या जातीचा हवा. आपल्या बाबतीत मी म्हणतो, फक्त चेहरा घ्या : मुकुटाच्या टोकापासून सोंडेच्या वळणापर्यंत. हात नाहीत, मोदक नाही, मंडप नाही. नावही नाही, कारण नाव त्या गोलाच्या शेजारी अ‍ॅप स्वतःच लिहितं. पांढरा मुकुट, लांबट डोळे आणि सोंड, एवढ्यावर आपला गणपती शंभरांत ओळखू येतो.

आता सिग्नलची एक गोष्ट. तुम्ही रंगीत दिव्यांचा सिग्नल पाहता, तेव्हा त्याच्या मागे काळा पत्रा असतो, तिकडे तुमचं लक्ष जात नाही. तो पत्रा कशासाठी? मागे आकाश उजळ असतं, त्यावर दिवा फिका पडतो. काळ्यावर तोच दिवा उठून दिसतो. आणि प्रत्येक भिंगावर टोपी असते, उन्हाची तिरीप आत जाऊन फसगत होऊ नये म्हणून. दिवा तेवढाच, पण पत्रा आणि टोपी यांच्यामुळे ड्रायव्हरला तो लांबून दिसतो.

आपला डेकोरेटर मूर्तीमागे काय लावतो? केशरी-पिवळ्या चुण्यांचं कापड, त्यावर सोनेरी झालर, त्यात लुकलुकणारे दिवे. डोळ्यांना छान, फोटोला घातक. गुलाबी मूर्ती केशरीत विरते. म्हणून फोटोपुरतं दोन उंच मुलांनी मूर्तीमागे एक साधी गडद निळी चादर धरावी. पाच मिनिटांचं काम. वरचा फोकस बंद करावा, कारण त्याने सोंडेची सावली पोटावर पडते आणि डोळे काळे होतात. सकाळी मंडपाची पूर्वेकडची कनात उघडली की येतो तो उजेड पुरे. फोटो काढणाऱ्याने खाली उभं राहून वर पाहत काढू नये, स्टुलावर चढून बाप्पाच्या डोळ्यांच्या रेषेत यावं. आणि अगदी जवळ जाऊ नये. मोबाइल जवळ नेला की पुढे असलेली सोंड फुगते आणि कान मागे पळतात. चार पावलं मागे होऊन थोडं झूम करावं.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. काही फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो आरशासारखा उलटा साठवला जातो. डिझाइन करणारी मुलंही कधी कधी 'बाप्पा अक्षरांकडे बघतोय असं दिसू दे' म्हणून फोटो सरळ उलटा फिरवतात. माणसाच्या बाबतीत फारसं बिघडत नाही, भांग इकडचा तिकडे होतो. गणपतीच्या बाबतीत मात्र डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होऊन बसतो! उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळं किती कडक मानतात हे इथल्या ज्येष्ठांना सांगायला नको. आपली मूर्ती डाव्या सोंडेची आहे, मुद्दाम तशी करून घेतो. तेव्हा पान चालवणाऱ्याने फोटो टाकण्यापूर्वी सोंड तपासावी. मी गमतीने सांगत नाही. पलीकडच्या एका शहरातल्या मंडळाच्या पानावर हे झालं, आणि त्यांना आठवडाभर फोन घ्यावे लागले.

हत्तीचीच गोष्ट निघाली आहे तर भोलूची आठवण काढू. रेल्वेला दीडशे वर्षं होत होती, त्या निमित्ताने १६ एप्रिल २००२ रोजी बंगळुरूला हा गार्डच्या वेषातला हत्ती लोकांसमोर आला. काम अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनचं. पुढच्या वर्षी, २००३ साली, तो रेल्वेने कायमचाच ठेवून घेतला. त्याच्यात काय काय आहे ते मोजा : हत्ती, गणवेश आणि हातात हिरवा दिवा. बस. लहान मुलालाही कळतं की हा रेल्वेचा आहे आणि गाडी जाऊ द्या म्हणतो आहे. इंजिन, पूल, बोगदा, झेंडा, काहीही कोंबलं नाही. मोठ्या संस्थेतले शिकलेले लोकही शेवटी काय गाळायचं याचाच विचार करतात.

आता कव्हर फोटो. फेसबुकने सप्टेंबर २०११ मध्ये टाइमलाइन नावाची नवी मांडणी जाहीर केली, तिच्याबरोबर हा मोठा लांबट फोटो आला. मराठी माणसाला ही कल्पना नवी वाटायचं कारण नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपण मुखपृष्ठ बघूनच अंक उचलतो. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांची चित्रं तर आपल्या घरांतून फ्रेम करून भिंतीवर लागली. आत कथा कुणाच्या आहेत हे मुखपृष्ठ सांगत नसे, पण अंक घरात न्यावासा वाटे. कव्हर फोटोचं काम हेच. प्रोफाइल म्हणजे दारावरची पाटी, आणि कव्हर म्हणजे दार उघडल्यावर दिसणारी ओसरी. पाटी रोज बदलत नाहीत, ओसरीवरची रांगोळी बदलते.

मापाचं बोलू, कारण इथेच बहुतेकांची फजिती होते. फेसबुकच्या पानाचं कव्हर कॉम्प्युटरवर साधारण ८५१ बाय ३१५ पिक्सेलचं दिसतं, म्हणजे उंचीच्या पावणेतीनपट रुंद. तेच मोबाइलवर ६४० बाय ३६०, म्हणजे पावणेदोनपटीच्या आसपास. फोटो एक, खिडक्या दोन. हिशोब करा : ८५१ रुंदीचा फोटो मोबाइलच्या खिडकीत बसवताना मधला सुमारे ५६० पिक्सेलचा भाग राहतो आणि दोन्ही बाजूंनी दीड-दीडशे पिक्सेल कापले जातात. आपली बहुतेक माणसं मोबाइलवरच पाहतात. तेव्हा जे दिसलंच पाहिजे ते मधल्या दोन-तृतीयांशात ठेवा, कडेला नुसतं आकाश, कापड, गर्दी असू द्या. खालचा डावा कोपरा मोकळा ठेवा, कॉम्प्युटरवर तिथे प्रोफाइलचा गोल येऊन बसतो. नोकरीसाठी लिंक्डइन वापरणाऱ्या मुलांनी लक्षात ठेवावं, तिथलं कव्हर १५८४ बाय ३९६, म्हणजे चौपट लांब. ही मापं या कंपन्या अधूनमधून बदलतात, म्हणून आकडे पाठ करण्यापेक्षा मध्य धरून ठेवावा.

लांबट फोटोची आपल्याला भीती वाटायला नको. १०७२ मीटरचा प्लॅटफॉर्म आहे आपल्या गावाला! जगातला सर्वांत लांब म्हणून पुस्तकांत त्याचं नाव असे. २०१३ साली गोरखपूर पुढे गेलं आणि २०२३ साली हुबळीने १५०७ मीटर करून सगळ्यांनाच मागे टाकलं, तरी आपला काही आखूड झालेला नाही. पण प्लॅटफॉर्मचा फोटो लांबीमुळे चांगला येत नाही. त्याच्यावर चहाचा एक ठेला, एक हमाल, एक निरोप देणारी आई असली की तो चांगला येतो. कव्हरमध्येही लांबी भरायची नसते, एक ठिकाण शोधायचं असतं.

मग काय दाखवावं? माझ्या मनात काही कल्पना आहेत. एक : सकाळी साडेसहाचा रिकामा मंडप, एकटी वहिनी रांगोळी घालते आहे. दोन : मोदकांच्या कळ्या पाडणारे हात. नुसते हात, ओळीने सहा-सात जणींचे, त्यात शाखा-पोला घातलेला आमच्या शेजारच्या बउदींचा हातही आहे, कारण त्या आता आपल्या वहिनींपेक्षा सुबक कळ्या पाडतात. हा फोटो कुणी काढला तर दुसऱ्या कुठल्याही मंडळाचा वाटणार नाही. तीन : स्टेशनच्या पिवळ्या पाटीच्या धर्तीवर आपली पाटी. पिवळ्यावर काळी अक्षरं, मंडळाचं नाव मराठीत, बंगालीत आणि हिंदीत, आणि समुद्रसपाटीपासूनची उंची लिहितात त्या जागी स्थापनेचं साल. मुलांना ही कल्पना फार आवडली. फक्त त्यावर रेल्वेचं बोधचिन्ह घालू नये. आपण रेल्वेची माणसं असलो तरी मंडळ रेल्वेचं खातं नाही, आणि तसा भास होता कामा नये.

काय दाखवू नये तेही सांगतो. विसर्जनानंतर घाटावर अर्धवट विरघळलेल्या मूर्तीचे फोटो काही लोक टाकतात. प्रदूषणाचं बोलायचं असेल तर सभेत बोलावं, ओसरीवर ते चित्र नको. जाहिरातदारांची नावं कव्हरवर नकोत, त्यांच्यासाठी स्मरणिकेत पानं आहेत आणि ती आपण मनापासून छापतो. आणि क्यूआर कोड तर मुळीच नको. एकदा लोकांना कव्हरवरून पैसे द्यायची सवय लागली की बनावट पानाचं निम्मं काम आपणच केलं. वर्गणी खजिनदारांच्या हाती, किंवा त्यांनी स्वतः फोनवर सांगितलेल्या खात्यात. पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर खातेदाराचं नाव येतं, ते वाचावं. फसवणूक झालीच तर १९३० या सरकारी क्रमांकावर लगेच फोन करावा, दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबू नये.

अक्षरांविषयी थोडं, कारण बंगालमध्ये मराठी छापणं म्हणजे काय ते स्मरणिका समितीला विचारा. डिझाइनच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आपली जोडाक्षरं तुटतात, 'विघ्नहर्ता'चा घ आणि न वेगळे होतात, वेलांटी दुसऱ्याच अक्षरावर जाऊन बसते. दुकानदाराला मराठी येत नसतं, त्याला ते नक्षीकाम वाटतं. म्हणून मजकूर त्याला कागदावर न देता युनिकोडमध्ये टाइप करून द्यावा आणि छापण्याआधी मराठी वाचणाऱ्या दोघांनी पाहावा. 'मुक्त' आणि 'बलू' नावाचे फॉन्ट फुकट मिळतात, मुंबईच्या एक टाइप या गटाचं काम आहे, स्वच्छ आहेत. त्यांचाच 'मोदक' नावाचा फॉन्टही आहे, नावाप्रमाणेच गुबगुबीत. मोठ्या अक्षरांना झकास, बारीक अक्षरांत लिहिलं तर नुसते मोदकच दिसतात. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' मिळाला तर तोच घ्यावा. हिंदी वळणाचा चुकीचा आहे असं नाही, पण घरच्या माणसाला घरचा ल लगेच कळतो.

कव्हरवर अक्षरं जितकी कमी तितकी बरी. मूळ फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवला की तो आकसून येतो, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. हल्ली मुलं एआयकडून चित्रं करून घेतात. मीही पाहिली. झगमगाट भरपूर, पण एका चित्रात बाप्पाला पाच हात होते आणि खाली लिहिलेलं मराठी कुठल्याच भाषेत नव्हतं. कल्पना सुचायला ते जरूर वापरा. मूर्ती मात्र समोर बसलेली असताना तिचं काल्पनिक चित्र कशाला?

आता स्वतःच्या प्रोफाइलविषयी. उत्सवाच्या दहा दिवसांत आपल्या ग्रुपमधले निम्मे लोक डीपीला गणपती लावतात, तोही एकच. भक्तीला माझी हरकत नाही. पण गेल्या खेपेला एका सभासदांनी 'येताना फ्लॉवर आणू की कोबी' हा प्रश्न घरी विचारण्याऐवजी त्यांच्या साहेबांना विचारला, कारण दोघींकडे, म्हणजे वहिनींकडे आणि साहेबांकडे, एकच बाप्पा होता. साहेब समजूतदार, 'कोबी' असं उत्तर आलं. तर सणात बाप्पा कव्हरवर लावा, गोलात आपला चेहरा राहू द्या. डोळे दिसतील असा, गॉगल काढून.

मात्र फेसबुकवर सध्याचं कव्हर सगळ्यांना दिसतं, अनोळखी माणसालाही. प्रोफाइलला कुलूप लावलं तरी आपण कव्हरवर काय टाकतो ते पाहावं. क्वार्टरचा नंबर, मुलाच्या शाळेचा गणवेश, गळ्यातलं ओळखपत्र, हातातलं तिकीट, या गोष्टी फोटोच्या कोपऱ्यात नकळत येतात. ड्युटीवरचे, रिले रूममधले, पॅनलसमोरचे फोटो तर टाकूच नयेत, आपले वर्तणुकीचे नियम आपल्याला माहीत आहेत. प्रोफाइल फोटो दुसऱ्याला उतरवून घेता येऊ नये म्हणून फेसबुकने जून २०१७ मध्ये भारतात एक ढालीची सोय आणली, पूर्ण प्रोफाइल बंद करण्याची सोय २०२० साली आली. आपल्याकडच्या बायकांचे फोटो उचलून गैरवापर होतो म्हणून या सोयी करायची वेळ आली, हे लक्षात घ्या. तरुण मुलींनी त्या माहीत करून घ्याव्यात, आणि आईलाही लावून द्याव्यात.

यावरून एक गोष्ट सांगतो, नाव घेत नाही. मागच्या कव्हरवर फुगडीचा एक फोटो होता. फार सुंदर फोटो, हसरा. त्यातल्या एका वहिनींना कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या घरी त्या वर्षी दुःख झालेलं होतं, मैत्रिणींनी आग्रहाने दोन मिनिटं रिंगणात ओढलं, तेवढ्यात तो फोटो निघाला. गावाकडच्या नातेवाइकांनी तो पाहिला आणि फोनवर नको ते बोलले. वहिनी आपल्याला काही म्हणाल्या नाहीत, फक्त उरलेले दिवस मंडपात आल्या नाहीत. आज आल्या आहेत, मला आनंद आहे. तेव्हा यापुढे कव्हरवर ज्यांचा चेहरा ओळखू येतो, त्या प्रत्येकाला आधी फोटो दाखवून विचारायचं, हा नियम मी पान हातात घेतल्यावर केला आहे. कमिटीने तो लेखी ठरावात घ्यावा अशी माझी विनंती आहे. मोदकाच्या हातांनाही विचारायचं.

तर मंडळापुढे माझा प्रस्ताव असा. गोलात आपल्या मूर्तीचा चेहरा, दरवर्षी प्रतिष्ठेच्या दिवशी त्या वर्षीच्या मूर्तीचा नवा फोटो. मुकुट तोच राहील, मांडणी तीच राहील, म्हणून ओळख पुसणार नाही, आणि जुना फोटो उचलून कुणी बनावट पान काढलं तर लगेच कळेल की हा यंदाचा बाप्पा नाही. त्या दिवशी सकाळी बाहेरगावच्या सगळ्यांना ग्रुपवर कळवायचं : 'यंदाचा चेहरा हा.' फोटोखाली मूर्तिकार दादांचं नाव, त्यांना विचारून. कव्हर वर्षातून चारदा बदलायचं, उत्सव, दिवाळी, संक्रांत, पाडवा, आणि प्रत्येक वेळी फोटो आपल्यापैकीच कुणीतरी काढलेला.

उद्या सकाळी साडेसहाला मी मंडपात येतो आहे. पुजारीकाकांशी बोललो आहे, त्यांनी पूजेआधी वीस मिनिटं दिली आहेत. पावणेसहा फुटांच्या वरचे दोघे चादर धरायला पाहिजेत. स्टूल कॅन्टीनमधून मिळेल. गडद निळी चादर, नक्षी नसलेली, कुणाकडे असेल तर आज रात्रीच सांगावं, आमच्या घरी आहेत त्या सगळ्या फुलाफुलांच्या निघाल्या.